हॉर्नबी: गव्हाच्या वाटेवरचं गाव

क्राइस्टचर्चला पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. बोटॅनिक गार्डन, अकारोआ, टेकापोचं निळं पाणी, आणि वेळ उरला तर लिटलटन बंदर. हॉर्नबी दाखवायला कुणी कुणाला नेत नाही. शहराच्या पश्चिमेचं हे उपनगर म्हणजे गोदामं, टायरची दुकानं, लोखंडी पत्र्यांच्या शेडी, 'हब' नावाचा मॉल आणि कारमेन रोडच्या सिग्नलला कायम ताटकळणारे ट्रक. दक्षिणेकडचा महामार्ग क्रमांक एक इथूनच जातो, आणि त्याच्या जवळूनच दक्षिणेचा मुख्य रेल्वेमार्ग. आम्ही सात वर्षांपासून इथे राहतो. घरं जरा स्वस्त होती, यजमानांचं काम एका गोदामात होतं, एवढंच कारण.

मला मात्र हे गाव पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं, कारण मी मनमाडची. मनमाडलाही कुणी फिरायला येत नाही. सगळे तिथे गाडी बदलतात. नगरसोल, शिर्डी, औरंगाबाद, दौंड अशा वाटा तिथून फुटतात, आणि स्टेशनापलीकडे भारतीय अन्न महामंडळाची गोदामं पसरलेली आहेत, आशियातल्या मोठ्या गोदामांपैकी एक म्हणून ज्यांचं नाव घेतात ती. माझे वडील तिथे हमालांच्या टोळीत होते, पुढे मुकादम झाले. पंजाब-हरियाणातून गव्हाची मालगाडी लागली की घरात रात्रीचं जेवण उशिरा व्हायचं. एका रेकमध्ये साधारण अडीच हजार टनांहून जास्त धान्य, पन्नास किलोच्या पोत्यांत. पन्नास हजारांवर पोती माणसांच्या पाठीवरून उतरायची. मी पुढे अर्थशास्त्रात एम.ए. केलं, नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं. 'वाहतूक खर्च' हा धडा शिकवताना पुस्तकातल्या आलेखापेक्षा वडिलांच्या मानेवरचा घट्टा मला जास्त उपयोगी पडायचा.

म्हणून या अंकासाठी 'तुमच्या भागावर लिहा' असं मंडळानं सांगितलं, तेव्हा मी हॉर्नबीचं धान्य लिहायचं ठरवलं. इथे धान्य पिकत नाही; ते इथून जातं. तरी आपल्या पोळीपासून करंजीपर्यंत बरंच काही त्या जाण्यावर ठरतं.

आधी रुळांची गोष्ट. आपल्यातले बरेच जण रविवारी हॉर्नबीहून प्रेबलटन, लिंकनकडे सायकली काढतात. ती वाट पुढे लिटल रिव्हरपर्यंत जाते आणि बऱ्याच ठिकाणी ती जुन्या रेल्वेच्या भरावावरूनच आहे. हॉर्नबीहून साउथब्रिजकडे लोहमार्ग गेला तो १८७५ साली. एल्समेअर तळ्याच्या काठची काळी, ओली, सुपीक जमीन गव्हानं भरली होती आणि तो गहू लिटलटन बंदरात पोचवायचा होता. बैलगाडीनं गहू वीस-तीस मैल नेला तर त्याचा नफा रस्त्यातच जिरतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको. त्याआधी आठ वर्षं, १८६७ मध्ये, क्राइस्टचर्च आणि बंदर यांच्यामधला डोंगर पोखरून बोगदा झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा गहू गलबतांतून विलायतेला जायचा. मग गोठवलेल्या मांसाचा धंदा आला. १८८२ मध्ये पहिलं जहाज गेलं, १८८९ मध्ये आपल्या शेजारच्या इस्लिंग्टनला मांसाचा कारखाना उभा राहिला आणि गव्हाचं राज्य हळूहळू मेंढीकडे गेलं.

रेल्वे जगावी म्हणून सरकारनं १९३६ मध्ये ट्रकना मर्यादा घातली. जिथे रूळ आहेत तिथे ट्रकनं तीस मैलांपलीकडे माल न्यायचा नाही. १९६१ मध्ये ती चाळीस मैल झाली, १९७७ मध्ये दीडशे किलोमीटर, आणि १९८३ मध्ये ती उठलीच. १९६२ मध्ये आपली साउथब्रिजची आणि लिटल रिव्हरची शाखा बंद पडली होती. आता हॉर्नबीच्या कारखान्यांपुरता एक तुकडा उरलाय. धान्य ट्रकवर गेलं ते गेलंच.

त्या ट्रकचं गणित मी वडिलांकडून शिकले. २०२३च्या जानेवारीत ते इथे आले होते. जानेवारी म्हणजे इथली कापणी. आधी जव, मग फेब्रुवारीत गहू. मुलीच्या पोहण्याच्या वर्गातून आमची एका शेतकरी कुटुंबाशी ओळख झाली आहे. लिंकनच्या पलीकडे त्यांची शेती. त्यांनी कापणी बघायला बोलावलं. वडील बांधावर उभे राहिले. हार्वेस्टर चालता चालताच शेजारच्या ट्रॉलीत धार सोडत होता. ट्रॉली कोठाराशी आली, एका लांब नळीतल्या स्क्रूनं गहू वर चढवला, आणि वरून तो पत्र्याच्या गोल कोठीत पडला. मग ट्रेलर जोडलेला ट्रक आला, कोठीखाली उभा राहिला, चालकानं एक दांडा ओढला. पंधरा-वीस मिनिटांत तो भरला आणि निघूनही गेला. त्या ट्रकमध्ये साधारण तीस टन माल मावतो. वडिलांनी लगेच हिशेब केला: "सहाशे डाग. आमच्या टोळीला अर्धा दिवस." मग थोडा वेळ गप्प राहून विचारलं, "पोरी, पण इथली माणसं कुठं गेली?"

मी त्यांना इथल्या मजुरीचे दर सांगितले. ताशी इतके डॉलर द्यायचे तर पोतं उचलणं परवडतच नाही. म्हणून इथे पोतंच नाही. बारदान नाही, सुतळी नाही, आकडा नाही, कडता नाही. त्यांना ते पटलं, पण आवडलं असं नाही. १९६९चा माथाडी कायदा कसा झाला, पाठीवरच्या ओझ्याला दर कसा मिळाला, हे त्यांच्या पिढीनं कमावलेलं आहे. ओझंच नाहीसं झालं तर त्या कायद्याचं काय करायचं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि मनमाडलाही तो कधीतरी येणारच आहे.

आता गव्हाच्या भावाकडे येते, कारण मला स्वतःला सगळ्यात नवल वाटलं ते इथे.

कँटरबरीचं मैदान हे न्यूझीलंडचं धान्याचं कोठार. देशातला बहुतेक गहू आणि जव इथेच पिकतो. पीकही असं की आपल्याकडच्या माणसाला खोटं वाटावं. ॲशबर्टनजवळचे शेतकरी एरिक वॉटसन यांनी २०२० मध्ये हेक्टरी १७.३९८ टन गहू काढून गिनीज विक्रम केला; पुढे इंग्लंडच्या एका शेतकऱ्यानं तो मोडला. एकराच्या भाषेत हे सत्तर क्विंटल होतात. आपल्याकडे पाण्याखालच्या चांगल्या रानात एकरी पंधरा-अठरा क्विंटल झाले तर आपण पेढे वाटतो. यात जादू नाही. इथे गहू एप्रिल-मेमध्ये पेरतात आणि फेब्रुवारीत कापतात. नऊ-दहा महिने पीक शेतात, थंड हवा, लांब उन्हाळी दिवस आणि भरपूर पाणी. आपला गहू बिचारा चार महिन्यांत मार्चच्या उन्हाला तोंड देत पिकतो.

असं असूनही ऑकलंडमधली ब्रेड मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या गव्हाची असते. देशात साधारण चार लाख टन गहू होतो. त्यातला पाव हिस्सा, कधी त्याहूनही कमी, पिठाच्या गिरणीत जातो. उरलेला कोंबड्या, डुकरं आणि दुभत्या गाई खातात. आणि माणसांसाठी गहू समुद्रापलीकडून येतो.

वर्गात शिकवायचे तशी एक गोष्ट सांगते. आकडे फळ्यावरचे आहेत, बाजारातले नाहीत. समजा, ऑस्ट्रेलियाचा गहू मोठ्या जहाजातून, पोत्याविना, ऑकलंडच्या धक्क्यावर टनाला पाचशे डॉलरला पडतो. ॲशबर्टनचा गहू ऑकलंडला न्यायचं भाडं दीडशे डॉलर. मग ऑकलंडचा गिरणीवाला ॲशबर्टनच्या शेतकऱ्याला शेतावर किती देईल? साडेतीनशे. त्याहून जास्त दिले तर तो ऑस्ट्रेलियाचा घेईल. आता शेजारच्या गोठ्यातला माणूस म्हणतो, मी चारशे देतो, भाडं जवळजवळ नाहीच. शेतकरी कुणाला विकेल? पोरं लगेच उत्तर देतात. इथले शेतकरीही तेच उत्तर देतात.

पण ऑस्ट्रेलियाहून यायचं भाडं देशातल्या देशात नेण्यापेक्षा कमी कसं? कारण भाडं अंतरावर कमी आणि उतरवण्या-चढवण्यावर जास्त ठरतं. जहाज एकदा भरलं की हजार किलोमीटर जास्त गेल्यानं टनामागे फारसं काही वाढत नाही. महाग पडतं ते हात बदलणं. इथे गहू ट्रकमध्ये चढतो, महामार्गानं पिक्टनला जातो, बोटीवर चढतो, वेलिंग्टनला उतरतो आणि पुन्हा उत्तरेला धावतो.

मनमाडकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. नव्वदच्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत मनमाडला दोन मापांचे रूळ भेटायचे. मुंबईकडून येणारा मोठा, मराठवाड्याकडे जाणारा मीटरचा. एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरायचा. वडील सांगतात, त्या बदलावर शेकडो घरं चालायची. हमालाची ती रोजी, पण मराठवाड्यात विकत घेणाऱ्याच्या हिशेबात तोच जादा खर्च. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

कुक सामुद्रधुनी ही आपली मनमाड आहे, आणि २०२५ मध्ये तिथे नेमकं तेच झालं. १९६२ पासून इथे अशा बोटी होत्या की ज्यांच्या पोटात रूळ होते. मालगाडीचे डबे सरळ बोटीत शिरायचे आणि पलीकडे सरळ बाहेर यायचे. त्यातली शेवटची 'अराटेरे' ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्त झाली. आता डब्यातला माल पिक्टनला उतरवून चाकांवर चढवायचा, बोटीतून न्यायचा आणि वेलिंग्टनला परत डब्यात. रूळ असलेल्या दोन नव्या बोटी २०२९ मध्ये येतील असं सरकारनं जाहीर केलंय. तोवर दोन बेटांच्या मध्ये रूळ तुटलेला आहे. २०१६च्या कायकोरा भूकंपानंतर उत्तरेचा रेल्वेमार्ग आणि महामार्ग वर्षभर जवळपास बंदच होता, तेव्हा आपल्या दुकानांतल्या फळ्या कशा रिकाम्या दिसायच्या हे जुन्या मंडळींना आठवत असेल. २०२१च्या पुरात ॲशबर्टनचा पूल खचला तेव्हा तर दक्षिणेचा गहू आपल्या हॉर्नबीपर्यंतही येईना. हा देश नकाशावर छोटा दिसतो, पण तो एका रस्त्यावर आणि एका रुळावर टांगलेला आहे.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे सरकार गहू घेतं, तसं इथे का नाही? होतं. १९८७ पर्यंत इथे गहू-मंडळ होतं, तेच गव्हाचा सगळा व्यवहार बघायचं. १९८४ पासून शेतीची अनुदानं उठली, मग मंडळही गेलं. हमीभाव नाही, सरकारी खरेदी नाही. गिरणीशी पेरणीआधी करार करायचा, प्रथिनं इतकी हवीत, दाणा असा हवा असं त्यात लिहिलेलं असतं. आणि कापणीच्या वेळी चार दिवस पाऊस लागून ओंबीतच मोड फुटले, तर तोच गहू पिठाच्या भावाचा न राहता कोंबड्यांच्या भावाचा होतो.

कोंबड्यांचा आणि गाईंचा भाव तरी कोण ठरवतं? त्यासाठी आणखी लांब जावं लागतं. दर पंधरवड्याला मंगळवारी 'ग्लोबल डेअरी ट्रेड' नावाचा दूध-भुकटीचा जागतिक लिलाव होतो. तो २००८ पासून चालतो. चीन, आग्नेय आशिया, आखाताचे गिऱ्हाईक त्यात बोली लावतात. दुधाला चांगला भाव मिळाला की इथला गवळी गाईंना जास्त धान्य घालतो, आणि लिंकनच्या जवाला भाव येतो. पण गवळ्याकडे दुसरा पर्यायही आहे, पाम तेल काढून उरलेली पेंड. मलेशिया-इंडोनेशियातून ती वर्षाला वीस लाख टनांच्या घरात इथे येते, म्हणजे देशात पिकणाऱ्या गव्हाच्या जवळपास पाचपट. ती स्वस्त झाली की जव पडतो. थोडक्यात, हॉर्नबीच्या पलीकडे पंचवीस किलोमीटरवर उभ्या असलेल्या पिकाचा भाव बीजिंगचं दूध आणि सुमात्राचं तेल यांच्यामध्ये कुठेतरी ठरतो. शेतकऱ्याच्या हातात त्यातलं काही नाही. त्याच्या हातात फक्त एवढंच आहे की कोठी स्वतःची असेल तर माल थोडा थांबवून विकायचा.

'माल थांबवून विकायचा' हे वाक्य माझ्या दादाला सांगितलं, तर तो हसला. दादा नांदगाव तालुक्यात मका आणि कांदा करतो. मकाही माणसासाठी नाही, बहुतेक कोंबड्यांसाठी, आता थोडा इथेनॉलसाठी. तो म्हणाला, "अगं, थांबायला कोठी लागते आणि थांबण्याइतकी उसंत लागते. सोसायटीचा हप्ता थांबतो का?" २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याचा हमीभाव २,४०० रुपये क्विंटल जाहीर झाला होता. पण जाहीर भाव आणि आडत्याच्या पट्टीवरचा भाव यांत हमाली, तोलाई, ओलावा आणि गरज एवढ्या गोष्टी बसलेल्या असतात.

आमच्यात खरा खटका उडाला तो मात्र २०२३ मध्ये. २० जुलैला भारतानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगातल्या तांदळाच्या निर्यातीत भारताचा वाटा जवळपास चाळीस टक्के. तो नळ बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्या ग्रुपवर संदेश सुरू झाले. कुठे सोना मसुरी आहे, कुठे दोन पिशव्यांच्या वर देत नाहीत, कोणी चार पिशव्या घेऊन ठेवा. आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये गव्हाची आणि ऑगस्टमध्ये पिठाची निर्यात बंद झाली होती, तेव्हा दहा किलोच्या आट्याच्या पिशवीवर देशाचं नाव वाचायची सवय आपल्याला लागलीच होती. मी दादाला फोनवर म्हटलं, काय हे, आमच्या भाताचे वांधे झाले. तो म्हणाला, "तुमचा भात महाग झाला, ते तू बघतेस. इथं ज्यानं भात पिकवला त्याचा भाव पाडला, ते कोण बघतं?"

त्याचं बोलणं डिसेंबरात त्याच्याच अंगावर आलं. ऑगस्टमध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलंच होतं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली. लासलगावला भाव कोसळले. लिलाव बंद पडले, रस्त्यावर कांदा ओतला गेला. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, म्हणजे ज्यांना थांबता आलं नाही त्यांचा कांदा केव्हाच विकला गेल्यावर. बंदीची बाजूही मला ठाऊक आहे. मी शहरातल्या भाड्याच्या घरात, ठरलेल्या पगारात महिना काढलेला आहे. कांदा ऐंशी रुपये झाला की काय होतं ते मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. मनमाडच्या गोदामातला गहू मेळघाटापर्यंत त्याच भावात, आता तर फुकट पोचतो, त्याचं भाडं सरकार भरतं, हे मला मोलाचंच वाटतं. १९७२च्या दुष्काळात माझ्या आजीनं रेशनचा लाल मिलो खाऊन मुलं जगवली. तो आला तो परदेशातूनच, आणि तो आला नसता तर हे लिहायला मी नसते. तेव्हा साठा करणं, वाहून नेणं, वाटणं याला पैसा लागतो आणि तो लागलाच पाहिजे. प्रश्न एवढाच की तो कुणी द्यायचा. सरकारनं तिजोरीतून दिला तर तो सगळ्यांनी मिळून दिला. निर्यात बंद करून भाव पाडला, तर तो एकट्या दादानं दिला. माझ्या मते फरक तिथे आहे, आणि त्या बाबतीत दादाचं म्हणणं मला मान्य करावं लागलं.

इथे मात्र उलटं आहे. इथे कुणी बंदी घालत नाही, कुणी वाचवायलाही येत नाही. लिंकनच्या आमच्या मैत्रिणीनं गेल्या वर्षी हिशेब मांडला. पिठाचा गहू करायचा तर खत जास्त, जोखीम जास्त, आणि गिरणीचा भाव गोठ्याच्या भावाहून थोडासाच वर. "मग करतेस कशाला?" असं विचारलं, तर ती म्हणाली, आमच्या गावची ब्रेड आमच्या गव्हाची असावी एवढंच. टिमारूला शेतकऱ्यांनी स्वतःची गिरणी २०१३ मध्ये उभी केली, ती देशातलाच गहू दळते. म्हणजे असा विचार करणारी ती एकटी नाही. पण 'एवढंच' या शब्दावर किती वर्षं शेती चालते, हे तिच्या नवऱ्याला विचारायला हवं.

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा फराळाच्या ताटाचा हिशेबही मांडते. मंडळाच्या फराळासाठी यंदा आम्ही हॉर्नबीच्या तिघी-चौघींनी रवा-बेसनाची जबाबदारी घेतली आहे. लाडवातलं तूप इथलंच, आपण ते घरी लोण्यापासून कढवतो. ज्या गाईनं दूध दिलं तिनं कदाचित लिंकनचा जव खाल्ला असेल. साखर ऑकलंडच्या चेल्सी कारखान्यात शुद्ध झालेली. तो १८८४ पासून चालतो, पण त्याची कच्ची साखर जहाजातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियाहून येते. बेसनाचं तर आणखी मजेशीर. ऑस्ट्रेलिया हरभरा पिकवून विकतो आणि भारत त्याचा मोठा गिऱ्हाईक. २०१७च्या डिसेंबरात भारतानं त्यावर तीस टक्के आयातशुल्क लावलं, काही महिन्यांत ते साठ टक्के झालं, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांची नांगी पडली आणि लातूरच्या शेतकऱ्याला जरा श्वास मिळाला. २०२४ मध्ये शुल्क काढलं, तेव्हा पारडं पुन्हा दुसरीकडे. चकलीच्या भाजणीतला तांदूळ, पोहे, शेंगदाणे यांच्या प्रत्येक पिशवीमागे असाच एखादा आदेश, एखादं जहाज आणि एखादा दादा उभा असतो.

हे वाचून कुणी फराळ करायचा थांबवू नये. पण पुढच्या वेळी ग्रुपवर 'लुटतात हो दुकानवाले' असा संदेश टाकायच्या आधी पिशवी उलटी करून बघावी. दुकानदाराचा नफा त्यात असतोच. पण त्याच्या आधी किती जणांनी माल उचलला आणि किती ठिकाणी तो बदलला, तेही त्याच पैशात असतं. इथल्या गव्हाचं पीठ मिळालं तर एकदा घेऊन बघा. मी मैत्रिणीकडचा गहू घरच्या छोट्या चक्कीवर दळला. लोकवनची सर नाही. पोळी दुसऱ्या दिवशी जरा चिवट होते. पीठ सैल भिजवून, तेलाचं बोट लावून तासभर मुरू दिलं की चालते. डब्याला नेली तर मुलं तक्रार करत नाहीत.

आत्ता ऑक्टोबरात लिंकनकडे सायकलनं गेलात तर गहू गुडघ्याएवढा, गडद हिरवा दिसेल. मैत्रिणीनं यंदा अर्ध्या रानात पिठाचा आणि अर्ध्या रानात चाऱ्याचा गहू पेरला आहे. पुढच्या वर्षी पिठाचा पेरायचा की नाही, ते फेब्रुवारीतला पाऊस आणि गिरणीचा करार बघून ठरवणार म्हणाली. दादाचा मका काढून अंगणात पडलाय. ताडपत्री आहे, कोठी नाही. पट्टी हातात आली की तो मला तिचा फोटो पाठवणार आहे, आणि मी तो मैत्रिणीला दाखवणार आहे. तिला क्विंटल म्हणजे काय ते मी आधीच शिकवून ठेवलंय.